साळूबाईच्या नावावर

सोलापूर
२८ जून १९८२

चि. इंदू,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी मिळतील, आधी ऐक. तुझ्या मार्कांची तार आली तेव्हा मी वॉर्डात होते आणि माझ्या हातात बेडपॅन होतं. ते तसंच धरून मी तीन सिस्टरांना तार वाचून दाखवली. बावीस वर्षं नर्स आहे मी, पण मला एवढं मोठ्यानं हसताना त्या वॉर्डात कोणी पाहिलं नव्हतं.

आता मुलाखतीचं बोलू. सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं, त्याचं सुतक किती दिवस पाळणार? या ट्रस्टच्या मेडिकल कॉलेजात मुलाखतीला वीस मार्क ठेवलेत. म्हणजे तिथं तोंड उघडावं लागणार आणि आपल्या घरात पोरींना तेवढं सोडून बाकी सगळं शिकवलंय. ‘स्वतःविषयी सांगा’ असं विचारतील. तेव्हा ‘मला गोरगरिबांची सेवा करायची आहे’ असं चुकूनही म्हणू नकोस. तुझ्या आधी आत गेलेल्या चाळीस जणांनी तेच म्हटलेलं असेल आणि त्यातल्या पस्तीस जणांनी गरीब माणूस फक्त गाडीच्या काचेतून पाहिलेला असेल.

तू पुंजाची गोष्ट सांग. तुझ्या बापानं मला दिवाळीनंतर लिहिलं होतं. आपला सालगडी पुंजा द्राक्षबागेत उडद्या किडीवरचं औषध फवारताना विषबाधा होऊन पडला आणि त्याच्या बायकोनं, साळूबाईनं, त्याचे भिजलेले कपडे काढून त्याला साबणानं धुतलं म्हणून तो वाचला. तू सुट्टीत घरी होतीस, सगळं तुझ्यासमोर झालं. आम्ही ड्यूटी संपली की पुढच्या सिस्टरला ‘ओव्हर’ देतो, तसं सांग. पेशंट कोण, काय झालं, काय केलं, आता कसा आहे. रडगाणं नाही आणि फुशारकीही नाही. डॉक्टर लोकांना ती भाषा लगेच कळते.

घरात या क्षेत्रात कोणी आहे का, असं विचारलं तर माझं नाव बेधडक घे. स्टाफ नर्स म्हणून घे, उगाच मेट्रन करू नकोस. आणि हे घे आशीर्वाद.

तुझी आत्या,
सुमन


नाशिक, मुलींचं वसतिगृह
१४ जुलै १९८२

प्रिय आत्या,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायचा असतो, पण आज मी इतकी चिडले आहे की आधी सगळं सांगून टाकते.

लांब टेबलामागे पाच जण बसले होते. मधोमध एक सर्जन, त्यांच्या डाव्या हाताला एक लेडी डॉक्टर, बाकीचे ट्रस्टचे. सर्जन म्हणाले, “स्वतःविषयी सांगा.” मी नाव, गाव, मार्क सांगितले आणि मग तू म्हणालीस तशी पुंजाची गोष्ट सांगितली. सकाळी साडेदहाला पडला, घाम फुटला होता, तोंडाला फेस होता, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. कपडे काढले, साबणानं दोनदा धुतलं, कुशीवर निजवून ट्रॅक्टरनं दिंडोरीला नेलं, औषधाचा डबा डॉक्टरांना दाखवला, संध्याकाळपर्यंत इंजेक्शनं चालली होती. पाचही जण गप्प ऐकत होते. मला वाटलं, जमलं.

मग सर्जननी विचारलं, “हे सगळं कोणी केलं?”

“त्याच्या बायकोनं.”

“आणि तुम्ही?”

“मी तिथं होते.”

“म्हणजे बघत होता.” त्यांनी बाकीच्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, “मग आपण त्या बाईलाच ॲडमिशन देऊ या का?”

सगळे हसले, आत्या. चहाचे कप उचलायला आलेला शिपाईसुद्धा हसला. लेडी डॉक्टर तेवढ्या हसल्या नाहीत, पण थांबवलंही नाही त्यांनी. माझ्या आधी नाशिकचाच एक मुलगा आत गेला होता. वडिलांच्या दवाखान्यात स्टुलावर उभं राहून अपेंडिक्सचं ऑपरेशन पाहिलं, असं त्यानं सांगितलं, आणि ‘व्हेरी गुड, व्हेरी गुड’ मला दाराबाहेर ऐकू आलं. त्यानं तरी काय केलं होतं? त्यानंही पाहिलंच ना? बापाच्या दवाखान्यात पाहिलं की व्हेरी गुड, आणि बापाच्या बांधावर पाहिलं की बघ्या?

मला वीसपैकी तीन मार्क दिलेत. ऑफिसातल्या क्लार्कनं हळूच सांगितलं. तुझं नाव घ्यायचं घाईत राहून गेलं. रागावू नकोस.

इंदू


सोलापूर
२० जुलै १९८२

चि. इंदू,

त्या पाच जणांना आठ दिवस माझ्या वॉर्डात पाठवा म्हणावं, बघत उभं राहणं म्हणजे काय असतं ते मी दाखवते. मेडिकलची पहिली दोन वर्षं पोरं बघण्याशिवाय काय करतात? मी शेकडो पाहिलीत, भिंतीला पाठ टेकून, रक्त दिसलं की पांढरी पडणारी. आणि साळूबाईसारखी बाई टेबलासमोर उभी राहिली असती तर हे तिला बसायला खुर्ची तरी देणार होते का? बाई हसण्यापुरती बरी सापडली त्यांना. तुझं पत्र वाचून मला दिवसभर कशात गोडी वाटली नाही. दोन इंटर्न माझ्या शिव्या खाऊन गेले, त्यांचा काही दोष नसताना.

पण राग जरा निवल्यावर मी तुझं पत्र पुन्हा वाचलं. आता तू मला उत्तर दे.

साळूबाईला अक्षरओळख नाही. विषबाधेच्या पेशंटबरोबर औषधाचा डबा न्यायचा, हे तिला कोणी सांगितलं? दोन वर्षांपूर्वी बार्शीकडचा एक शेतकरी आमच्याकडे आला होता. कुठलं औषध अंगावर सांडलं हे कळेपर्यंत तो हातचा गेला. ते मी फक्त तुला लिहिलं होतं. कपडे काढा, साबणानं धुवा, डबा बरोबर न्या, अगदी याच क्रमानं. आणि बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या, हे कोणी पाहिलं? नवरा पडल्यावर बायको त्याच्या तोंडाकडे बघते, छाती पिटते. पापणी उचलून बाहुली बघत नाही.

दुसरं. माझं नाव घाईत राहून गेलं म्हणतेस. तुला त्यांनी विचारलं होतं का? विचारलं असेल तर तू काय म्हणालीस? नेमके शब्द लिही.

आत्या


नाशिक
२९ जुलै १९८२

प्रिय आत्या,

तू पकडलंसच. आता काही लपवत नाही.

पुंजाला मी धुतलं. साळूबाई पलीकडच्या मळ्यात गवताला गेली होती. बागेत अण्णा होते आणि दोन मजूर बाया. बाया ओरडायला लागल्या. अण्णा बांधावर डोक्याला हात लावून उभे राहिले ते उभेच. मी घरातून धावत आले, छाटणीच्या कात्रीनं पुंजाचा सदरा कापून काढला. धोतर औषधानं चिंब झालं होतं, तेही काढलं. बायांनी पाठ फिरवली. कपडे धुवायची वडी घेऊन मी त्याला डोक्यापासून पायापर्यंत धुतलं, दोन वेळा. पापणीही मीच उचलून पाहिली. साळूबाई आली तेव्हा आम्ही त्याला गोधडीत गुंडाळून ट्रॅक्टरवर ठेवत होतो. डबा माझ्या मांडीवर होता.

पुंजा वाचला. तिसऱ्या दिवशी अण्णांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, “ह्ये साळूबाईनं केलं. पोरीनं फकस्त पानी आनून दिलं. काय?” बाया हो म्हणाल्या. साळूबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि तीही हो म्हणाली. मग अण्णा मला आत घेऊन गेले आणि म्हणाले, “निफाडचं स्थळ येतंय. लगनाच्या पोरीनं बाप्याला उघडं करून धुतला म्हनल्यावर कोन उभा राहील दारात?” तुलाही त्यांनी तेच लिहिलं. तू साळूबाईचं इतकं कौतुक करायला लागलीस की खरं लिहायचं मला जमलंच नाही.

मुलाखतीत ‘कोणी केलं’ विचारल्यावर माझ्या तोंडातून तेच आलं, जे आठ-नऊ महिने घोकलं होतं. सर्जन हसले तेव्हा मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण दाराबाहेर अण्णा बसले होते.

आता तुझ्या नावाचं. त्यांनी विचारलं होतं, “घरात कोणी वैद्यकीय क्षेत्रात?” मी म्हटलं, “नाही.” कारण गावात तू नर्स आहेस हे कोणालाच ठाऊक नाही, आत्या. अण्णांनी सगळ्यांना सांगितलंय की बहीण सोलापूरला शाळेत मास्तरीण आहे. मी लहान असल्यापासून हेच ऐकते. फॉर्मवरही अण्णांनी माझ्याकडून ‘कोणी नाही’ असंच लिहून घेतलं. तू गावाला येतेस तेव्हा लोक ‘बाई, शाळा काय म्हणते’ विचारतात, ते तुला गंमत वाटायची ना? ती गंमत नव्हती.

यादी लागली. मी प्रतीक्षा यादीत आहे. चार मुलं दुसरीकडे गेली म्हणून त्या चार जागांसाठी २१ ऑगस्टला पुन्हा मुलाखत आहे. मंडळ तेच. मी जाऊ का नको, हेच मला कळत नाही.

इंदू


सोलापूर
५ ऑगस्ट १९८२

चि. इंदू,

हे पत्र बापासमोर बसून मोठ्यानं वाच. तो उठून गेला तर तो परत येईपर्यंत थांब आणि पुन्हा पहिल्यापासून वाच.

गोरक्ष, मी तुझी मोठी बहीण. नवरा गेला, दिरांनी मला ट्रंकेसकट आणून सोडलं, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. नर्सिंगचा फॉर्म भरायला पैसे तूच दिलेस, बैल विकून नव्हे पण मन मोठं करून दिलेस, ते मी कधी विसरले नाही. आणि तूच मला मास्तरीण केलंस? बावीस वर्षं? कुठला विषय शिकवते रे मी? मुलं पास तरी होतात का माझी? एकदा तरी विचारायचंस. मी माणसांचं गू-मूत काढलं, मेलेल्यांचे डोळे मिटले, टायफॉइडच्या साथीत चौदा दिवस वॉर्डाबाहेर पडले नाही. यातलं तुला एवढंसुद्धा सांगण्यासारखं वाटलं नाही? हातात खडू दिलास की बहीण चांगल्या घरची झाली. माझ्या हाताचा एवढा विटाळ वाटत होता तर याच हातांनी तुझ्या पोरीच्या जन्माच्या वेळी तिची नाळ कापली, तेव्हा का बोलला नाहीस?

आणि आता तेच पोरीच्या बाबतीत करतोस. तिनं एका माणसाचा जीव वाचवला. दिंडोरी तालुक्यात कोणाची पोर असं करून आली असती तर तिच्या बापानं गावजेवण घातलं असतं. तू तिचं केलेलं दुसरीच्या नावावर चढवलंस आणि तिला पाच शहाण्यांसमोर ‘बघत होता’ असं ऐकून घ्यायला लावलंस. अब्रू कोणाची गेली तिथं? तिची की तुझी? मरणाऱ्या माणसाला कपडे नसतात, गोरक्ष. त्याच्या अंगावर विष होतं, ते तिला दिसलं. बाकी तुम्हा सगळ्यांना तो नागडा दिसला.

इंदू, तुला शेवटचं. मीही चुकले. ओव्हर देताना आम्ही काय केलं ते सांगतो, कोणी केलं ते सांगत नाही, कारण सगळं डॉक्टरांच्या नावावर जमा होतं. त्याची मला एवढी सवय झालीय की तुलाही मी स्वतःला वगळून बोलायला शिकवलं. ते विसर. २१ तारखेला जा आणि ‘मी’ म्हणून सुरुवात कर. जागा मिळो न मिळो. पण त्या खुर्चीवरून पुन्हा खोटं बोलून उठलीस तर मला तोंड दाखवू नकोस.

सुमन


नाशिक
२३ ऑगस्ट १९८२

प्रिय आत्या,

पत्र वाचलं. पहिल्यांदा अण्णा मधेच उठून गोठ्यात गेले. दुसऱ्यांदा शेवटपर्यंत बसले. मुलाखतीला बरोबर आले, टोपी धुऊन घातली होती.

आत तेच पाच जण. सर्जननी माझा कागद पाहिला आणि म्हणाले, “या, साळूबाई.” पुन्हा सगळे हसायच्या बेतात होते.

मी म्हटलं, “साळूबाई पुंजाच्या बायकोचं नाव आहे, सर. माझं नाव इंदुमती. आणि पुंजाला मी धुतलं होतं.”

मग मी सगळं सांगितलं. मी सदरा कापला, मी धोतर काढलं, मी पापणी उचलली. माझी आत्या सोलापूरला स्टाफ नर्स आहे आणि हे मी तिच्या पत्रातून शिकले, तेही सांगितलं. माझा आवाज चढला होता, मला कळत होतं, पण मी तो खाली आणला नाही.

सर्जन म्हणाले, “मागच्या महिन्यात तुम्ही वेगळं सांगितलं. खोटं कुठलं?”

“मागचं.”

“का बोललात?”

“वडिलांनी सांगितलं होतं म्हणून. आणि मला लाज वाटत होती म्हणून.”

“आता वाटत नाही?”

“आता राग येतो, सर. मी बघत उभी राहिले असं म्हटल्यावर तुम्ही हसलात. मी त्याला उघडा केला असं कळलं असतं तर गाव हसलं असतं. मग मी सांगायचं तरी काय?”

कोणी हसलं नाही. लेडी डॉक्टरांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. “हात थरथरले का तेव्हा?”

“तेव्हा नाही, मॅडम. ट्रॅक्टरवर बसल्यावर. डबा हातातून निसटत होता.”

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. सर्जन म्हणाले, “पण याला पुरावा काय? उद्या कोणीही काहीही सांगेल. वडील आलेत ना? बोलवा त्यांना. तुम्ही बाहेर थांबा.”

अण्णा आत गेले आणि मी बाहेर. दार बंद होतं. बराच वेळ लागला, आत्या. बाहेर आले तेव्हा अण्णांच्या हातात टोपी होती आणि ती त्यांनी एसटीत बसेपर्यंत घातली नाही. आत काय झालं विचारलं तर म्हणाले, “व्हय म्हनलो.” नुसतं हो म्हणायला एवढा वेळ?

संध्याकाळी यादी लागली. चारात माझं नाव तिसरं आहे. मला जागा मिळाली, आत्या! कागदावर बोट ठेवून मी तीनदा वाचलं. पण अण्णांचा चेहरा पाहून मला धड आनंदही करता येत नाही. तुला काही लिहिलं त्यांनी तर मला कळव.

तुझी,
इंदू


तालुका दिंडोरी, मळ्यातून
६ सप्टेंबर १९८२

ती. आक्कास,

गोरक्षचा दंडवत. मला लिहायची सवय नाही, चुकलंमाकलं सांभाळून घे. तू कोण आहेस ते गावात सांगितलं. डेअरीवर सगळ्यांसमोर सांगितलं. निफाडच्यांनाही पोरीचं खरं काय ते मीच जाऊन सांगून आलो. त्यांनी निरोप पाठवला, योग नाही म्हणून. बरं झालं.

आक्का, आता जे लिहितो ते इंदूला ठाऊक नाही. तुलाही मी खोटंच लिहिलं होतं.

आत मला त्या डॉक्टरनी विचारलं, पोरगी सांगते ते खरं आहे का? मी हो म्हटलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण त्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “मग तुम्ही का लपवलंत?” मी म्हटलं, लग्नाची पोर, तिचं नाव खराब होईल म्हणून. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. तुझी तशीच बघायची सवय आहे. मग मला राहवलं नाही.

मी त्यांना सांगितलं ते तुला सांगतो. त्या सकाळी पुंजा दोनदा माझ्याकडे आला होता. म्हणाला, “मालक, गरगरतंय, डोळ्याम्होरं अंधारी येती.” वारा समोरून होता, फवारा त्याच्याच अंगावर येत होता, सदरा भिजलेला मला दिसत होता. मी म्हटलं, “दोन वळी राह्यल्या, उरक अन् मंग बस.” त्या दोन ओळींत तो पडला. इंदूनं त्याला धुतलं असं गावाला कळलं असतं तर पुढचा सवाल हाच होता, की पोर धूत होती तेव्हा बाप कुठं होता? त्याआधी काय करत होता? साळूबाईच्या नावावर घातलं की कोणी काही विचारणार नव्हतं. नवऱ्याला बायकोनं धुतलं, संपलं. पोरीचं नाव झाकतो म्हणून सगळ्यांना सांगितलं आणि झाकलं माझं. दहा महिने ती माझ्यापायी गप्प बसली आणि तिला वाटतं की स्वतःपायी बसली.

ते डॉक्टर मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

परत आल्यावर मी घरी न जाता पुंजाच्या खोपीवर गेलो. साळूबाई चुलीपाशी होती. पुंजाचे हात अजून थरथरतात, कपबशी धरता येत नाही. मी दारातच उभा राहून त्याला सगळं सांगितलं, दोन ओळींचंसुद्धा. मला वाटलं, रडेल नाहीतर शिव्या देईल.

तो म्हणाला, “मालक, मला ठावं हाय. माझी सुद गेली नव्हती, वाचा गेलती. तुमी दोन वळी म्हनला, त्येबी आइकलं. ताईनं धुतलं, त्येबी ठावं हाय. साळू नव्हतीच तिथं.”

मी म्हटलं, “मंग येवढे दिवस बोल्ला का नाय, पुंजा?”

तो म्हणाला, “मला कुनी इचारलंच नाय.”

तुझा भाऊ,
गोरक्ष